बुडत्यांचा पाळणा

पाळणेवाल्यांची आणि माझी पहिली भेट पाण्यात झाली. म्हणजे सुरुवात धक्क्यावर झाली, पण ओळख पटेपर्यंत मी पाण्यात होतो.

मी बंदर कचेरीतला कारकून. धक्क्याच्या टोकाला एका जाळी विणणाऱ्या कारागिराने विनापरवाना खांब रोवला आहे, त्यावर कप्प्या, दोर आणि कसलंसं जाळं टांगलं आहे आणि त्यामुळे येणाऱ्या-जाणाऱ्यांची गैरसोय होते आहे, अशी तक्रार आली होती. नोटीस घेऊन मला पाठवलं. खांबापाशी एक काटकुळा, उन्हाने करपलेला गृहस्थ पाठमोरा बसून दोराला गाठ मारत होता. मी खाकरलो. तो वळला. त्याने नोटिशीकडे पाहिलं नाही, माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं नाही. त्याने माझ्या पोटाकडे पाहिलं, आणि सात वेळा नापास झालेला मुलगा आठव्या खेपेला पास झाला हे कळल्यावर बापाचा चेहरा होईल तसा त्याचा चेहरा झाला.

"वजन किती?"

"ब्याण्णव," मी म्हणालो. कोणी ठणकावून विचारलं की खरं सांगून मोकळं व्हायचं, ही माझी नोकरीतली सवय.

"बुटांसकट?"

"बुटांशिवाय."

"वा! पोहता येतं?"

"नाही."

"वा, वा, वा!" असं म्हणून त्याने मला ढकललं.

माझ्या पडण्याने बंदरातलं पाणी एवढं उसळलं की नांगरलेल्या तीन बोटी सुटून आपल्या आपण मासेमारीला निघाल्या, भरती वेळेआधी आली असं समजून पलीकडच्या हमालांनी पोती उचलून वर ठेवली, आणि एक चांगला हातभर मासा आमच्या कचेरीच्या पायरीवर सापडला. कचेरी तिथून दोन फर्लांगांवर आहे. मी एकदा खाली गेलो, एकदा वर आलो, बायकोला उद्देशून चार शब्द मनात जुळवले, आणि तेवढ्यात पाठीखाली जाळं आलं. चटई गुंडाळावी तसा मी आडवाच गोल फिरलो आणि एका बाईंच्या पायाशी धक्क्यावर येऊन पडलो. त्यांच्या एका हातात दोर होता. दुसऱ्या हातात चहाचा कप होता, आणि त्यातला चहा सांडलेला नव्हता. मला एका हाताने उचलणारी याआधीची शेवटची व्यक्ती म्हणजे माझी आई, आणि तिनेही मी वर्षाचा झाल्यावर तो नाद सोडला होता.

"रागावू नका हं," बाई म्हणाल्या. "चार महिने जाड माणूस शोधतायत. परवा पोस्टमनला ढकललं, तर तो पंचावन्न किलोच निघाला. फुकट गेला बिचारा. चहा घ्या."

नोटीस विरघळून गेली होती. गृहस्थ म्हणाले, "पुन्हा लिहून आणा साहेब. आणि येताना जाडसर कोट घालून या. ओल्या कापडाचं वजन बघायचं राहिलंय."

मी कोट घालून गेलो. का गेलो, हे मला आजही सांगता येणार नाही. माझ्या घरी माझ्या वजनाचा विषय निघाला की पाठोपाठ डॉक्टरचा निघे. या माणसाला मात्र माझा किलो न् किलो मोलाचा वाटत होता. पुढे तीन वर्षं मी जवळजवळ रोज संध्याकाळी कचेरी सुटल्यावर त्यांच्याकडे जात असे आणि आठवड्यातून एकदा तरी पाण्यात पडत असे.

बंदरात त्यांना सगळे पाळणेवाले म्हणत. त्यांची लांबोडकी पत्र्याची शेड होती, आत डांबराचा आणि ओल्या दोराचा वास, छताला आकडे आणि आकड्यांना अर्धवट विणलेली जाळी. भिंतीवर खडूने एक यादी होती: सुतार, अडुसष्ट. शाळामास्तर, एकोणसाठ. पोस्टमन, पंचावन्न, त्यापुढे 'निरुपयोगी'. सगळ्यांच्या वर, चौकटीत, मी. पण तिथे मला हुद्दा नव्हता. नुसतं 'ब्याण्णव'. वहिनी, म्हणजे त्यांची बायको, मला येताना पाहिलं की आत ओरडत, "अहो, ब्याण्णव आले. चहा टाकते." नावावरून फसून एखादी बाई खरोखरच बाळाचा पाळणा विचारायला आली, तर पाळणेवाले हातातलं काम न थांबवता विचारत, "बाळ किती किलोचं? साडेतीन? मग वीस वर्षांनी घेऊन या."

माणसाकडे माणूस म्हणून बघायची त्यांची सवय सुटली होती, असं मी त्यांना तोंडावर म्हणत असे. ते नाकारत नसत. कुणाच्या घरी गेले की यजमानाकडे असे टक लावून बघत की तो बिचारा पोट आत ओढून बसे. पहिल्या पाळण्याला त्यांनी आकडा लावला होता. त्याने सुताराला वाचवलं, पण त्याची विजार समुद्रात राहिली. चौथा पाळणा मला डोकं खाली, पाय वर असा बाहेर काढी, त्यामुळे समुद्राने जेवढं पाणी पाजलं नसेल तेवढं तो पाळणा पाजत असे. सातव्याने मला वर आणलं, पण सोडेना. शेवटी सुरीने कापून काढावा लागला. प्रत्येक वेळी मी खोकत-ठसकत पडलेला असताना पाळणेवाले शेजारी उकिडवे बसून विचारत, "कुठे रुतलं? खांद्याला की कमरेला? नीट आठवून सांगा. मेलेला माणूस सांगत नाही, म्हणून तुम्हाला विचारतोय."

अकरावा पाळणा जमला. वस्तू म्हणाल तर अगदी साधी. खाटेएवढं जाळं. त्याची एक कड बोटीच्या कठड्याला कायमची बांधलेली. दुसऱ्या कडेला जड दांडा, दांड्याला दोर. माणूस पडला की दांडा पाण्यात टाकायचा, म्हणजे जाळं झोळीसारखं पाण्यात लोंबतं. पडलेल्याला त्यात ओढून घ्यायचं आणि दोर खेचायचा. दांडा वर येतो तसा माणूस आडवा गुंडाळत कठड्यावरून आत येतो. त्याला काही धरावं लागत नाही, चढावं लागत नाही, शुद्धीवरसुद्धा असावं लागत नाही. पाळणेवाल्यांची एकच अट होती: पाळणा वहिनींच्या एका हाताने ओढला गेला पाहिजे. दोन हातांनी ओढावे लागणारे किंवा माणसाला धड वर न आणणारे दहा पाळणे त्यांनी मोडून टाकले होते.

एकदा चहा पिता पिता मी माझ्या मते व्यवहाराचं बोललो. म्हटलं, "एवढा खटाटोप कशाला? पडलेल्या माणसाला बोटीवरून हात दिला की झालं."

वहिनी उठल्या आणि कप घेऊन आत गेल्या. कप अजून भरलेले होते.

पाळणेवाल्यांनी हातातल्या दोराचे पीळ मोजले. मग म्हणाले, "साहेब, तुमच्या कचेरीतलं टेबल केवढं उंच आहे?"

"असेल दीड हात."

"तेवढंच होतं. माझा मेहुणा. हिचा धाकटा भाऊ. बोटीवर आम्ही दोघंच. जाळं टाकताना पाय अडकून गेला. मी बोट वळवली, त्याला गाठला, कॉलर धरली. सगळं बरोबर केलं. मध्ये राहिलं ते एवढंच, दीड हात. तो भिजून दगड झालेला, बोटं थंडीनं मिटेनात. एका हातानं त्याला धरलंय, मग ओढायला उरला एकच हात. तो बोलत होता माझ्याशी. म्हणाला, दाजी, जरा दम खा, मग ओढा. पाऊण तास."

"मग?"

"मग बोलायचा थांबला. दुसरी बोट आली तेव्हा कॉलर माझ्या हातातच होती. चौघांनी उचलला. अर्धं मिनिट लागलं."

आतून वहिनींचा आवाज आला, "सांगून झालं असेल तर बाहेर या दोघं. उजेड आहे तोवर एकदा ओढून घेऊ."

त्या दिवशी मी स्वतःहून उडी मारली. वर आलो तेव्हा वहिनी दोर गुंडाळत होत्या. पाळणेवाले लांब गेलेले पाहून हळूच म्हणाल्या, "माझ्या भावाला उचलता आलं नाही, म्हणून आता अख्ख्या बंदराला उचलत सुटलेत. मी ओढते. मला राग आला की माझा हात चांगला चालतो."

तर पाळणेवाल्यांना जगात एकच गोष्ट हवी होती. बंदरातल्या प्रत्येक बोटीच्या कठड्यावर एक पाळणा, उघडा, हाताशी, दांडा फेकायचा अवकाश. बोटी एकूण अडतीस. त्यासाठी कचेरीची मान्यता लागत होती, आणि कचेरीत मी होतो. मला वाटलं, माझा उपयोग पाण्याबाहेरही होईल.

मान्यता मिळवायला चौदा महिने लागले. आधी नियमात 'पाळणा' हा शब्द नाही असं निघालं. मग मी त्याचं 'क्षैतिज उत्थापन जाळी' असं बारसं केलं. पाळणेवाल्यांनी ते वाचून विचारलं, "हे कोणाचं?" मी म्हटलं, "तुमचंच." ते म्हणाले, "वजन किती?" शेवटी तपासणी समिती धक्क्यावर आली. त्यात आमचे मोठे साहेब, एक कानाने अधू असलेले सदस्य आणि एक मनाने गैरहजर असलेले. मी कचेरीच्या कपड्यांत, कोटबूट घालून पाण्यात पडलो. वहिनींनी एका हाताने मला वर घेतलं. मोठ्या साहेबांनी टाळ्या वाजवल्या. मग त्यांनी वहिनींना विचारलं, "बाई, कुणी पुरुषमाणूस नाही का ओढायला?" वहिनी म्हणाल्या, "आहेत की. पण ते सारखे पाण्यात पडतात."

मान्यता मिळाली. पाळणेवाल्यांनी आणि वहिनींनी आठ महिने बसून अडतीस पाळणे विणले. पाळणा नसेल तर बोट बाहेर पडायची नाही, असा नियम झाला. अडतीस बोटींच्या कठड्यांवर अडतीस पाळणे लोंबले, त्या सकाळी पाळणेवाले धक्क्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले आणि परत आले. शेडमध्ये येऊन दुपारी जेवले आणि मी त्यांना ओळखत असल्यापासून पहिल्यांदाच दिवसाढवळ्या झोपले.

आता बोटीवरची माणसं कशी असतात, ते बोटीवर न गेलेल्याला सांगणं कठीण. त्यांच्या हाताशी लोंबणारं काहीही रिकामं राहत नाही. आठवड्याभरात पाळण्यांवर कपडे वाळू लागले. कुणी त्यातून बर्फाच्या पेट्या चढवल्या, कुणी कांदे ठेवले. एका बोटीवरचा स्वयंपाकी, ज्याला सगळे मिशाळ म्हणत, तो पाळण्याच्या दोन्ही कडा आत बांधून दुपारी त्यात झोपू लागला. पाळणेवाल्यांना मी हे रागाने सांगितलं, तर त्यांना आनंदच झाला. म्हणाले, "झोपू द्या. गाठी सोडायची, बांधायची सवय होते. हात बसतो. ज्याच्यात तो दुपारी झोपतो ते त्याला डोळे मिटूनसुद्धा वापरता येईल."

पण मोठ्या साहेबांपर्यंत मिशाळाचा फोटो गेला. पोटावर हात, मिशा वाऱ्यावर, मान्यताप्राप्त क्षैतिज उत्थापन जाळीत घोरतोय. साहेब संतापले. जीवरक्षक साधनाचा गैरवापर! ते म्हणाले, "हे असं चाललं तर मान्यता काढून घेऊ." तीन वर्षं मी खारं पाणी प्यालो होतो ते काय यासाठी? पाळणा वाचलाच पाहिजे, म्हणून मी तिथल्या तिथे तोडगा काढला. हो, मीच. पाळणा कठड्यावरून काढावा, गुंडाळून ताडपत्रीच्या पिशवीत घालावा, पिशवीला शिशाचं सील लावावं. तपासणीत सील तुटलेलं दिसलं, तर बोट पंधरा दिवस बंदरात बांधून ठेवावी. मसुदा माझा, अक्षर माझं. साहेब म्हणाले, "तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून कचेरी चालते." मी फुशारकीने ते घरीही सांगितलं.

पाळणेवाल्यांना सांगायला गेलो तेव्हा ते जाळं विणायची सुई दोऱ्याने भरत होते.

"सील," ते म्हणाले.

"नुसतं चिमटीएवढं शिसं हो. अडचणीच्या वेळी तोडायला परवानगी आहे. कलम सहा. फक्त तीन दिवसांत दोन साक्षीदारांच्या सह्यांनिशी कळवायचं."

"आणि सराव करायचा असेल तर?"

"त्यासाठी अर्ज करायचा."

"साहेब," ते म्हणाले, "पंधरा दिवस बोट बांधली तर तांडेल काय खाईल?" तांडेल म्हणजे बोटीचा म्होरक्या, सगळ्यांचं पोट त्याच्या एका शब्दावर.

"म्हणून तर कोणी उगाच तोडणार नाही!" मी म्हणालो. मला तेव्हा ते उत्तर फार चपखल वाटलं होतं.

वहिनी दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "ब्याण्णव, आज चहा नाही. दूध नासलंय." दूध नासलेलं नव्हतं. मला वास आला असता.

पुढच्या मोसमात, ऐन धंद्याच्या आठवड्यात, मिशाळ पडला. भर सकाळी, समुद्र शांत, बंदर डोळ्यांना दिसत होतं. भांडं धुवायला वाकला आणि गेला. त्याच्या बोटीचा तांडेल सज्जन माणूस. त्याने बोट झटक्यात वळवली, मिशाळाला गाठलं, दोघांनी त्याचे दंड धरले. कोणीतरी म्हणालं, पाळणा काढा. तांडेल म्हणाला, "थांबा रे, आपण चौघं आहोत. उचलू हातानं. सील कशाला तोडता? पंधरा दिवस जातील." मिशाळानेही खालून तेच सांगितलं म्हणे: "नका तोडू, येतो मी वर." त्याला पंधरा दिवसांचा अर्थ सगळ्यांइतकाच कळत होता.

चौघांनी ओढलं. मिशाळाचं वजन एकशे चार. ते पाळणेवाल्यांना ठाऊक होतं. भिंतीवर माझ्याही वर त्याला चढवायचा त्यांचा विचार होता, पण मला वाईट वाटेल म्हणून थांबले होते. थंड पाणी, तेलकट ओला सदरा, हातातून दंड निसटे. एकदा तो कमरेपर्यंत वर आला होता. मग शेवटी तांडेलानेच सील तोडा म्हणून सांगितलं, पण पिशवी बोटीच्या तळाशी होती, जाळ्यांच्या ढिगाखाली, सील खराब होऊ नये म्हणून नीट जपून ठेवलेली. ती वर येईपर्यंत वरच्यांच्या हातात नुसता सदरा राहिला होता. मग तोडायचं कारणच उरलं नाही.

चौकशीचा अहवाल मी लिहिला. 'बोटीवर मान्यताप्राप्त उपकरण उपलब्ध होते. उपकरण सुस्थितीत आढळले. सील शाबूत.' तांडेलाला काही झालं नाही. त्याने एकही नियम मोडला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाळणेवाले आणि वहिनी धक्क्यावर आले. त्यांच्याकडे कात्री होती, वहिनींकडे टोपली. पहिल्या बोटीवर चढले, पिशवी मागितली, सील कापलं, टोपलीत टाकलं, पाळणा काढून कठड्याला बांधला, उतरले. मग दुसरी. बारा-पंधरा बोटींपर्यंत कोणी अडवलं नाही. मग एक तांडेल हात जोडून म्हणाला, "आमचं राहू द्या हो, पोरांची शाळा आहे."

पाळणेवाले थांबले. वहिनी थांबल्या नाहीत. म्हणाल्या, "सरक बाजूला. आमच्यावर नाव घाल." अडतीस सीलं झाली तेव्हा ऊन उतरलं होतं. बोटींच्या कठड्यांवर पुन्हा पाळणे लोंबत होते. मी कचेरीच्या खिडकीतून बघत होतो. खाली उतरावं असं तीनदा मनात आलं.

नोटीस मलाच न्यावी लागली. शासकीय सीलांची मोडतोड, अडतीस प्रसंग. उपकरणाची मान्यता रद्द, सर्व पाळणे जप्त, शेडचा परवाना रद्द. पाळणेवाल्यांनी ती उभ्या उभ्या वाचली, दोनदा.

"अक्षर तुमचंच ना?"

"हो."

"सुंदर आहे," ते म्हणाले, आणि सही करायला माझंच पेन मागितलं. मी म्हणालो, "दादा, अपील करता येईल, मी मसुदा..." आतून वहिनी म्हणाल्या, "अहो, त्यांना म्हणावं आता पुरे. खूप मदत केली." आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

जप्त पाळणे कचेरीच्या गोदामात ठेवले. उंदरांनी काही कुरतडले. उरलेले पुढल्या वर्षी निकामी सामानात निघाले आणि कुणा भाजीवाल्याने गाड्या झाकायला म्हणून नेले. पाळण्याऐवजी आता बोटींना नारिंगी रंगाचं एक गोल कडं ठेवावं लागतं. ते तरंगतं.

पाळणेवाले आणि वहिनी थोरल्या मुलीकडे राहायला गेले. तिचं घर समुद्रापासून बसने नऊ तासांवर आहे. मी दोन पत्रं पाठवली. त्यातलं एक, पत्ता अपुरा म्हणून, परत आलं.